‘बिघाड सॉफ्टवेअर सांभाळेल’? लाटांच्या यंत्रात ते इतकं सोपं नाही

लाटांवर वीज करणाऱ्या यंत्रांबद्दल एक दावा सर्रास फिरतोय: फॉल्ट-टॉलरंट कंट्रोल, म्हणजे बिघाड झाला तरी यंत्र चालू ठेवणारं सॉफ्टवेअर आलंय, आता सेन्सर गेला तरी यंत्र पूर्ण वीज देत राहील आणि दुरुस्तीची बोट लागणारच नाही. एकेक मुद्दा घेऊ.

‘सेन्सर गेला तर सॉफ्टवेअर अंदाजाने चालवेल.’ काही वेळ चालवेलही. पण सेन्सर गेलाय हे आधी कळायला हवं, आणि खरी मेख तिथेच आहे. कंट्रोलर यंत्राच्या गणिती मॉडेलवरून फ्लोटची, म्हणजे लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या भागाची जागा काढतो, सेन्सरच्या आकड्याशी ताडून बघतो आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की बिघाड धरतो. मात्र फ्लोटला ढकलणारं लाटेचं बल थेट मोजता येत नाही, तेही अंदाजानेच काढावं लागतं. म्हणून अवचित आलेली मोठी लाट आणि भरकटलेला सेन्सर सुरुवातीला सारखेच दिसतात. मर्यादा आवळली तर खोटे इशारे. सैल सोडली तर फ्लोट एंड-स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या टोकाच्या अडणीवर आदळेपर्यंत पत्ता लागत नाही.

‘मग दोन सेन्सर लावा.’ दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर चुकतंय कोण? निवाड्याला तिसरा हवा. आणि तिघांच्या वायरी एकाच कनेक्टरमधून नेल्या, तर खारं पाणी शिरल्यावर तिघेही एकदम जातात. त्यापेक्षा वेगवेगळ्या तत्त्वांवरची मापं घ्यावीत: एन्कोडर (जागा मोजणारा), ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा) आणि जनरेटरचं व्होल्टेज. लिनिअर जनरेटरचं, म्हणजे गोल न फिरता सरळ रेषेत पुढेमागे होणाऱ्या जनरेटरचं व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असतं, त्यामुळे ते फुकटचा वेग-सेन्सर ठरतं. फक्त फ्लोट दिशा बदलतो तेव्हा वेग शून्याजवळ असतो, तिथे त्याच्यावर विसंबू नये.

‘वीज पूर्ण मिळत राहील.’ नाही. रिॲक्टिव्ह कंट्रोलमध्ये प्रत्येक लाटेत थोडा वेळ वीज परत खर्चून फ्लोट ढकलला जातो. चुकीच्या मापामुळे फेज, म्हणजे लाटेशी जुळवलेली ढकलण्याची वेळ हुकली, तर मिळण्यापेक्षा जास्त वीज समुद्रात जाते. त्यामुळे संशय येताच रिॲक्टिव्ह भाग बंद करून साध्या डॅम्पिंगवर, म्हणजे वेगाच्या उलट आणि वेगाच्या प्रमाणात बल लावण्यावर यावं. उत्पादन घटतं, ते मुद्दाम पत्करलेलं असतं.

‘वादळातही कंट्रोल वाचवेल.’ खोल पाण्यात दर मीटर रुंदीमागची शक्ती साधारण ०.४९ गुणिले उंचीचा वर्ग गुणिले आवर्तकाल, किलोवॅटमध्ये. २ मीटर, ८ सेकंदांना सुमारे १६. १० मीटर, १४ सेकंदांना सुमारे ६९०. त्याच वेळी ग्रिड ट्रिप झाली, म्हणजे वीजजाळ्याशी जोडणी तुटली, की लोड जातो आणि जनरेटरचा रोधही जातो. तेव्हा लागतात जादा वीज उष्णतेत जिरवणारे डंप रेझिस्टर आणि वीज गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक. कोड त्यांची जागा घेऊ शकत नाही.

‘बोट लागणार नाही.’ ८ सेकंदांच्या लाटेने वर्षाला सुमारे ३९ लाख फेरे होतात. सील झिजतात, बेअरिंग झिजतं. २००८ साली पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी ७५० किलोवॅटची तीन पेलामिस नावाची लाटांची यंत्रं उतरवली आणि काही महिन्यांतच परत आणली; भागीदार कंपनीच्या आर्थिक संकटाबरोबर सांध्यांच्या बेअरिंगची अडचणही होती. झिजलेलं बेअरिंग ओळखून कंट्रोलर त्यावरचा भार कमी करू शकतो, बदलू शकत नाही. लाटा दीड मीटरच्या वर असल्या की बऱ्याच बोटींना काम करता येत नाही, आणि अटलांटिकसारख्या समुद्रात हिवाळ्यात शांत पाण्याची उघडीप कित्येक आठवडे मिळत नाही. तेव्हा यंत्र घेताना विचारायचं ते एवढंच: बिघाडासकट, कमी भारावर, ते किती आठवडे तग धरेल?