बर्फातली माकडं आणि दादाचे फणस

मे महिन्यात दादाचा फोन आला की पहिली पाच मिनिटं माकडांची. "एक फणस रवाक नाय रे, केलड्यांनी सगळे फोडल्यानी." आमच्या कुडाळच्या बाजूला लाल तोंडाचं ते केलडं आणि काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या दोघांवरून बारा महिने जुंपलेली असते. कुणी म्हणतं, शहरातली माकडं रात्री गाड्या भरून आणून आमच्याकडे सोडली. कुणी म्हणतं, गोळ्या घाला. कुणी लगेच मारुतीची आठवण करून देतं. दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप आला तेव्हापासून तर भीतीही आहे. आणि हल्ली एक शिकलेला गट झालाय, त्याचं उत्तर तयार असतं: हा सगळा क्लायमेट चेंज. मला मात्र ठरलेला टोमणा: "तुमच्या जपानात बघ, माकडं कशी शहाण्यासारखी गरम पाण्यात बसतात!"

मी नागानोत राहतो आणि ती माकडं इथलीच. जिगोकुदानीचं उद्यान १९६४ साली सुरू झालं. त्या सुमारास माकडं माणसांच्याच गरम कुंडात उतरायला लागली, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं कुंड बांधलं. त्यांना तिथे खायला घालतात, म्हणून ती तिथे टिकतात. बाकीच्या रानातली माकडं अंघोळ-बिंघोळ काही करत नाहीत. ती झाडाची साल आणि कळ्या कुरतडत हिवाळा काढतात, एकमेकांना चिकटून गोळा होऊन बसतात. फोटोत हे येत नाही.

पण हवामानाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण तो इथे डोळ्यांना दिसतो. आपलं केलडं हडकुळं. नर सहा-सात किलोचा आणि शेपूट अंगापेक्षा लांब. इथला नर दहा-बारा किलोचा, अंगावर घोंगडीसारखी लव आणि शेपूट वीतभरही नाही. थंडीत लांब शेपूट म्हणजे उष्णता गळायची वाटच. दोघं एकाच मॅकाक कुळातली, लांबची भावंडं. समुद्राची पातळी खाली गेलेल्या हिमयुगात, काही लाख वर्षांपूर्वी, यांचे पूर्वज कोरियाच्या बाजूने इथे आले आणि नंतर बेटावर अडकले. जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला, शिमोकिता द्वीपकल्पात, माणूस सोडला तर जगातली सर्वांत उत्तरेकडची माकडं राहतात. त्यापुढे त्सुगारूची सामुद्रधुनी. पलीकडच्या होक्काइदो बेटावर एकही रानटी माकड नाही.

आपल्याकडे हीच रेघ पावसाने मारली आहे. सिंहपुच्छ माकडाला वर्षभर फळं देणारं सदाहरित रान लागतं. केरळच्या दक्षिणेला कोरडे महिने तीन-चार. जसजसं सह्याद्रीतून वर यावं तसतसे ते वाढत जातात आणि कोकणात सात-आठ होतात. म्हणून त्या माकडाची हद्द उत्तर कन्नडात संपते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही आमच्या वाट्याला ते आलं नाही, कारण तो सगळा चार महिन्यांत कोसळतो. केलड्याला याची फिकीर नाही; ते कुठेही, काहीही खातं. हवामानाचं काम इतकं मोठं आणि इतकं सावकाश.

म्हणूनच दादाच्या फणसाला क्लायमेट चेंज चिकटवणं मला पटत नाही. गेल्या तीस वर्षांत आमच्या वाडीत काय बदललं, ते मला थर्मामीटर न लावता सांगता येतं. चौदा घरांपैकी नऊ बंद. काजू वेचायला माणूस नाही, आंबा-फणस झाडाखाली कुजतो, परड्यात रान माजलंय. पाडेली, म्हणजे झाडावर चढून फळं उतरवणारा, बोलवायचा तर चार दिवस आधी सांगावं लागतं. माकडाला याहून चांगलं हॉटेल कुठे मिळणार?

हे मला सुचलं ते इथल्याच एका गावात. गेल्या नोव्हेंबरात डोंगराकडेच्या एका वाडीत गेलो होतो. काकी नावाच्या इथल्या फळाचं झाड पानं गळून नुसतं केशरी फळांनी लगडलेलं आणि त्यावर सात-आठ माकडं निवांत बसलेली. एक घास घ्यायचा, बाकीचं खाली टाकायचं. अगदी दादा वर्णन करतो तसं. शेजारच्या घरातून ऐंशीच्या पुढची एक आजी कमरेत वाकून आली, प्लॅस्टिकच्या नळीत दिवाळीतल्यासारखा बाण खोचला, काडी लावली. सूंऽऽ करून बाण गेला. माकडं पलीकडच्या झाडावर जाऊन बसली आणि बाकीचं खाणं तिथून चालू. आजी म्हणाली, झाडाचा मालक टोकियोत असतो. पूर्वी ही फळं सोलून, दोऱ्याला ओवून पडवीत वाळत घालायचे. आता शिडीवर चढणार कोण?

माझी दोन्ही गावं त्या वाक्यात भेटली.

इथलं सरकार काय करतं, तर विजेचं कुंपण घालायला मदत करतं, ओमाची शहरात २००५ पासून माकडांमागे धावायला कुत्रे तयार केले आणि मालकांना विनवून न वापरलेली फळझाडं उतरवून घेतात. आणि दरवर्षी वीस हजारांच्या आसपास माकडं मारली जातात, हे ग्रुपवरच्या कुणाला ठाऊक नसतं. हा तोच देश, जिथे हिए नावाच्या देवळांत माकड देवाचा दूत आहे आणि आपण गांधीजींची म्हणतो ती तीन माकडं निक्कोच्या देवळातल्या तबेल्यावर कोरलेली आहेत. एवढं मारूनही तक्रार संपलेली नाही. ज्या कळपाला शेतातली चटक लागली, त्यातली चार कमी झाली तरी उरलेल्यांना वाट पाठ असते. हिमाचलात २००७ च्या आगेमागे नसबंदी सुरू झाली, तिच्यावरही भांडणं आहेतच.

बर्फ कमी पडला तर पिल्लं जास्त जगतात, हे खरं असेल; इथे हरणं आणि रानडुकरं उत्तरेला सरकताना दिसतातच. पण ते बाण मारणाऱ्या आजीला सांगून उपयोग काय? तिच्या हातात शिडी आहे, आकाश नाही. ग्रुपवर मी हे लिहिलं तर उत्तर आलं, "तू ये आणि फणस उतरव." यावर मला काही लिहिता आलं नाही. बंद नऊ घरांतलं एक आमच्याच चुलत्यांचं आहे.

मग दादाला एकट्याला इथल्या कुंपणाचे फोटो पाठवले, तारा किती, उंची किती, खर्च किती, सगळं लिहून. दोन दिवसांनी उत्तर आलं: "बरा आसा. पण पावसात लाइट खंय असता आमच्याकडे?"