केचपचा भात, साखरेचं मिरिन आणि तुमची हरकत

नमस्कार,

सोप्या जपानी जेवणाच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही मुद्दे घेऊन भांडताय, त्यामुळे दोन ओळींत आटोपणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: यांच्या मते कात्सुओबुशीशिवाय (सुकवून धुरावलेल्या माशाच्या किसाशिवाय) दाशी (जपानी सूप-रश्श्यांचा आधार असलेलं चवदार पाणी) म्हणजे नुसतं गरम पाणी, मिरिनऐवजी (तांदळाच्या गोड, स्वयंपाकातल्या मद्याऐवजी) साखर म्हणजे फसवणूक, इंद्रायणी तांदळाला जपानी ताटात जागा नाही, आणि 'केचप घातलेल्या भाताला जपानी म्हणणं हा तर कहर'. ओसाकात काही वर्षं राहिल्यामुळे हे जास्तच खटकलं, असंही म्हटलंय.

कहरापासूनच सुरुवात करते, कारण तो तुमच्याच ओसाकात घडला! शिन्साईबाशी भागातलं 'होक्क्योकुसेई' हॉटेल तुम्हाला माहीत असेलच. पोट नाजूक असलेलं एक गिऱ्हाईक रोज ऑम्लेट आणि पांढरा भातच मागवायचं, म्हणून 1925 साली मालकाने केचपमध्ये परतलेला भात अंड्यात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला, असं ते हॉटेलवाले सांगतात. तोक्योच्या गिंझातलं 'रेंगातेई' त्याआधीचा, 1900 सालचा दावा सांगतं, पण त्यांच्याकडे भात अंड्यातच कालवलेला असायचा. मान कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. मेइजी काळापासून (1868 ते 1912) पाश्चात्त्य पदार्थ आपल्या पद्धतीने वळवून घेतलेली योशोकु नावाची एक अख्खी शाखाच जपानी स्वयंपाकात आहे. कोरोक्के (तळलेलं कटलेट), हायाशी राइस (गोमांसाच्या रश्श्यासोबतचा भात) आणि ओमुराइस, म्हणजे हाच अंड्यातला केचपचा भात, ही सगळी त्यातली मंडळी. जपानी घरांत मुलं हट्ट करून ओमुराइस मागतात. तो वगळून 'घरगुती जपानी' लिहिणं मला जमणार नाही.

आता दाशी. इथे तुमचा राग मला समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. 1908 साली तोक्योच्या विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी ग्लुटामेट (उमामी, म्हणजे भरदार रुचकर चव देणारा घटक) वेगळं काढलं ते कोंबूतून, म्हणजे समुद्रातल्या वनस्पतीच्या वाळलेल्या पट्टीतून. माशाचा त्यात संबंध नव्हता. कात्सुओबुशीत इनोसिनेट हा चवीचा दुसरा घटक असतो आणि तो ग्लुटामेटच्या जोडीला आला की चव कित्येक पटींनी वाढते, म्हणून दोन्ही एकत्र वापरतात. सुक्या शिताके अळंब्यांतलं ग्वानिलेट हेच काम करतं. बौद्ध मठांतला स्वयंपाक शतकानुशतकं कोंबू आणि शिताकेवरच चाललाय. ओसाकातल्या नांबा स्टेशनहून नानकाई रेल्वेच्या गाडीने कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर गेला असाल तर तिथल्या मंदिरांत हीच दाशी प्यायला असाल. त्या वाडग्याला तुम्ही गरम पाणी म्हणाल, असं वाटत नाही.

हां, ती नीट करावी लागते. एक लिटर गार पाण्यात साधारण 10 ग्रॅम कोंबू अर्धा तास तरी भिजवायचा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलात तर उत्तम. वरची पांढरी पूड धुवायची नाही, ती चवीचीच असते. मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत कोंबू बाहेर काढायचा. उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. शिताके वेगळे, गार पाण्यातच, सावकाश भिजवायचे. या दाशीचं मिसो सूप करताना मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) गॅस बंद केल्यावर, पळीत विरघळवून घालायचा आणि पुन्हा उकळायचा नाही. सूप बिघडतं ते बहुतेक वेळा इथे, मग कात्सुओबुशी कितीही महागाची असो. (कोकणातून दोघांनी विचारलंय म्हणून सांगते, सुक्या बोंबलाच्या पाण्याची दाशी होत नाही. त्याचं जे होतं ते चांगलंच लागतं, पण ते वेगळं.)

मिरिनचं थोडक्यात. खऱ्या होनमिरिनमध्ये साधारण 14 टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे जपानमध्येही त्यावर मद्याचा कर लागतो. म्हणूनच तिथल्या दुकानांत शेजारीच 'मिरिनसारखं' म्हणून जे स्वस्त सिरप मिळतं, त्यात अल्कोहोल जवळपास नसतंच. लाखो जपानी घरांत तीच बाटली असते. तेव्हा ओयाकोदोनमध्ये (भातावर वाढलेल्या चिकन-अंड्यात) चमचाभर मिरिनऐवजी चमचाभर पाण्यात छोटा चमचा साखर घातली तर चकाकी थोडी कमी येते, एवढंच. सोया सॉसच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट दिलेली नाही, लेखात परत बघा. चायनीजच्या गाडीवरचा काळा सॉस घातलात तर सगळं काळंकुट्ट आणि कॅरॅमलच्या चवीचं होतं. पैसे खर्च करायचेच असतील तर नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या जपानी शोयूवर, म्हणजे सोया सॉसवर, करा.

राहिला भात, आणि इथे मी तसूभरही हलणार नाही. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा, शिजल्यावर एकमेकांना धरून राहणारा. आपल्याकडे मावळातला इंद्रायणी नेमका तसा वागतो. बासमतीचा ओनिगिरी (भाताचा वळलेला गोळा) वळून दाखवा, मग बोलू. आंबेमोहोर मी मुद्दाम टाळला, कारण त्याचा वास नोरीवर (ओनिगिरीला गुंडाळायच्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यावर) कुरघोडी करतो. आणखी एक, आपण जुना तांदूळ मोकळा होतो म्हणून मुद्दाम शोधतो, जपानी लोक शरदातल्या नव्या तांदळाची वाट बघतात. म्हणून दुकानदाराकडे या कामापुरता नवाच इंद्रायणी मागा. पाणी बरंचसं निवळेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, एक वाटीला सव्वा वाटीपेक्षा किंचित कमी पाणी ठेवा, मीठ-तेल काही नको. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

लेखातल्या तिळातल्या पालकाबद्दल तुम्ही काहीच म्हटलं नाही, तेव्हा तो पास झाला असं धरते.

आता माझा एक प्रश्न, ओसाकावाल्या माणसालाच विचारण्यासारखा. पुढे ओकोनोमियाकीवर (कोबी घातलेल्या जाड धिरड्यावर) लिहायचंय. पिठात नागाइमो हा चिकट कंद किसून घालतात, तो इथे मिळत नाही. कोनफळ त्याच वंशातलं, किसलं की तसंच चिकट होतं, फक्त रंगाने जांभळं. तुमच्या तिथल्या शेजारणींपैकी कुणी नागाइमो न घालता करायच्या का, आणि कोबीचं प्रमाण किती ठेवायच्या?