पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडत नाही

‘पिंपळ, तुळस आणि स्नेक प्लँट चोवीस तास ऑक्सिजन देतात, बेडरूममध्ये कुंडी ठेवा, नासानेही हे मान्य केलंय’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. बेडरूममध्ये पिंपळ कसा मावायचा, ते मात्र त्यात नाही.

‘चोवीस तास ऑक्सिजन.’ झाडाने सोडलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, पाण्यातला असतो. रुबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी 1941 साली जड ऑक्सिजनचं (म्हणजे ज्याचा अणू नेहमीपेक्षा जड असतो अशा ऑक्सिजनचं) पाणी वापरून ते दाखवलं. पाणी फोडायची ऊर्जा हरितलवकं, म्हणजे पानांच्या पेशींतले हिरवे कण, उजेडातून घेतात. अंधार पडला की ते काम बंद, मग झाड पिंपळाचं असो की तुळशीचं. श्वसन मात्र रात्रंदिवस चालतं. पेशीतल्या तंतुकणिका साखर वापरून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवतात आणि त्यासाठी रात्री पिंपळही ऑक्सिजन घेतोच.

‘स्नेक प्लँट रात्री श्वास सोडतो.’ इथे थोडं तथ्य आहे आणि घोळही इथेच झालाय. स्नेक प्लँट, निवडुंग, घायपात, अननस ही मंडळी पाणी वाचवायला पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, बहुतांशी रात्री उघडतात. तेव्हा आत येतो कार्बन डायऑक्साइड. तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उजेडात त्यापासून साखर बनते. ऑक्सिजन निघतो तोही दिवसाच. भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पानं चाखून पाहिली होती: सकाळी आंबटढाण, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. हे टिपण 1815 साली छापून आलं. रात्रीचं आम्ल दिवसभरात वापरलं जातं, ते असं जिभेला कळलं.

‘एक कुंडी पुरे.’ झोपलेल्या माणसाला रात्रभरात ढोबळमानाने 100 लिटर ऑक्सिजन लागतो. एवढा सोडायचा तर झाडात जवळपास सव्वाशे ग्रॅम साखर तयार व्हायला हवी. रोज! तुमची कुंडी महिन्याला पावणेचार किलोने वाढते का?

‘तुळस ओझोन सोडते.’ सोडत नाही, आणि सोडला असता तर तुम्ही खोकून बेजार झाला असता.

याच्या उलटा मेसेजही येतो, की रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, घरात ठेवू नका. शेजारी झोपलेला माणूस कुंडीपेक्षा कितीतरी जास्त सोडतो.

राहिली नासा. 1989 च्या त्या अहवालात बंद पेट्यांमध्ये झाडं ठेवून बेंझीन, फॉर्मल्डिहाइड अशी रसायनं किती कमी होतात ते मोजलं होतं. रात्रीच्या ऑक्सिजनचा तो प्रयोगच नव्हता.