हँड्स-फ्री आहे म्हणून निर्धास्त? त्या व्हायरल मेसेजला उत्तर

गेली काही वर्षं एक मेसेज अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘गाडी चालवताना फोनवर बोलणं आता गुन्हा नाही. ब्लूटूथ किंवा इअरफोन लावलेला असेल आणि फोन खिशात असेल, तर पोलीस पावती फाडू शकत नाहीत. फाडलीच तर कोर्टात जा. खुद्द गडकरींनी लोकसभेत सांगितलंय.’ खाली ग्रुपमधली मंडळी भर घालतात. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतोच ना आपण? मोबाइलमुळे होणारे अपघात असे किती? आणि मॅपसाठी तर सरकारनेच परवानगी दिली आहे! हा मेसेज वाचून निर्धास्त झालेली माणसं रोज रस्त्यावर दिसतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन हे लिहावंसं वाटलं.

‘लोकसभेत सांगितलंय, पोलीस काही करू शकत नाहीत.’

लोकसभेतलं उत्तर खरं आहे, पण ते फार छोटं आहे. हँड्स-फ्री वापरण्याला दंड आहे का, असा प्रश्न एका खासदाराने विचारला होता. उत्तर आलं की, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये दंड आहे तो हातात धरलेल्या फोनच्या वापराला. वाहनातल्या हँड्स-फ्री सोयीला दंडाची तरतूद नाही. विषय तिथे संपला. ‘पोलीस अडवू शकत नाहीत’, ‘कोर्टात जा’ ही भर मेसेज लिहिणाऱ्याची.

त्याच कलमात पुढे काय आहे तेही वाचायला हवं. हातात फोन धरून गाडी चालवणं हे सिग्नल तोडणं आणि उलट्या दिशेने गाडी घालणं यांच्याच पंगतीत, धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून बसवलेलं आहे. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच यादीच्या शेवटी एक सर्वसाधारण कलमही आहे: जाणत्या, काळजी घेणाऱ्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाने आणि धोकादायकपणे गाडी चालवणं. फोनच्या नादात गाडी लेनभर भरकटली, तर फोन हातात होता की खिशात, हा बचाव इथे चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 21 नुसार मोबाइलचा वापर हे लायसन्स निलंबित करण्याचंही कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्ये राज्यांना बजावलं होतं की, गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. आणि निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

लोकांना धोका होत नसेल, तर गाडी चालवताना नुसतं फोनवर बोलणं हा गुन्हा नाही, असा 2018 चा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल काही जण पुढे करतात. तो निकाल केरळ पोलीस कायद्यातल्या एका कलमापुरता होता आणि वरची दुरुस्ती त्यानंतर झाली. महाराष्ट्रातल्या चालकाला त्याचा काही उपयोग नाही.

‘शेजारच्याशी बोलतोच की आपण.’

सगळ्यात पटणारा आणि म्हणूनच सगळ्यात घातक युक्तिवाद हाच. घाटात गाडी चालवताना शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा लक्ष द्या. वळणावरून समोर एसटी आली की तो बोलता बोलता थांबतो. कधी नकळत डॅशबोर्डला हात लावतो, कधी ‘जरा हळू’ म्हणतो. त्यालाही तोच रस्ता दिसत असतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तुम्ही क्षणभर गप्प झालात की तो म्हणतो, ‘हॅलो? आवाज येतोय ना?’ आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही त्याला उत्तर देत बसता.

हा फरक मोजलेलाही आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात संशोधकांनी चालकांना सिम्युलेटरवर बसवलं आणि पुढे अमुक ठिकाणी महामार्गावरून बाहेर पडा असं सांगितलं. शेजारच्या मित्राशी गप्पा मारणाऱ्यांपैकी बहुतेक बरोबर बाहेर पडले. हँड्स-फ्रीवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे सरळ पुढे निघून गेले. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोर होती, तरी फाटा निसटला.

दुचाकीवर तर परिस्थिती आणखी वाईट. पुण्यात कुठल्याही चौकात सिग्नलला उभं राहा, हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये फोन कोंबलेला एक तरी दुचाकीस्वार दिसेलच. हात मोकळे, म्हणजे याच्या दृष्टीने हे हँड्स-फ्रीच. मान एका बाजूला आखडलेली, एक कान पूर्ण बंद. मागून पीएमपीची बस हॉर्न देते तो याला उशिरा कळतो, मग दचकून हँडल वळवतो, आणि ते नेमकं बसच्या बाजूला.

‘मोबाइलमुळे मरणारे किती? एक टक्कासुद्धा नाही.’

आकडा खरा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2021 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,53,972 माणसं गेली. त्यात मोबाइलच्या वापरामुळे झालेले अपघात 1,997 आणि मृत्यू 1,040. म्हणजे एक टक्क्याच्या आतच.

पण ही नोंद होते कशी? अपघातानंतर पंचनामा होतो, टायरच्या खुणा पाहिल्या जातात, साक्षीदारांना विचारलं जातं. चालक जिवंत असेल तर ‘मी फोनवर होतो’ असं तो आपणहून सांगणार नाही. फोन उशिरा सापडतो, फुटलेला असतो किंवा नातेवाईक घेऊन गेलेले असतात. मग कारणाच्या रकान्यात ‘अतिवेग’ लिहिलं जातं. त्याच वर्षी सुमारे 70 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. त्यातल्या किती जणांच्या कानाला फोन होता, हे ती आकडेवारी सांगूच शकत नाही.

जिथे फोन कंपनीच्या नोंदी खरोखर तपासल्या, तिथे चित्र वेगळं दिसलं. कॅनडातल्या टोरांटोमध्ये अपघात झालेल्या 699 चालकांची कॉलची बिलं पाहिली गेली; तो अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 456 चालकांचा अभ्यास 2005 मध्ये आला. दोन्हीकडे फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली. आणि दोन्हीकडे हँड्स-फ्रीमुळे धोका कमी झालेला आढळला नाही.

याच्या विरुद्ध बोलणारे अभ्यासही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या काही पाहण्यांत नुसत्या हँड्स-फ्री संभाषणाने धोका वाढलेला दिसला नाही. तिथल्या महामार्गावर कदाचित तसं असेलही. आपल्याकडे ऊस तोडणीच्या हंगामात रात्री टेललाइट नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे चाललेल्या असतात, दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने दुचाकी येते, एखादं जनावर आडवं येतं. इथे गाडी चालवताना सगळं लक्ष रस्त्यावरच लागतं.

‘मॅपला तर परवानगी आहे.’

आहे, 1 ऑक्टोबर 2020 पासून. पण फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि तीही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने. स्टँडवर लावलेल्या फोनवर रील बघणं त्यात येत नाही. मार्च 2025 मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या एसटीच्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेट बघत होता. एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढून परिवहन मंत्र्यांना पाठवला, तेव्हा त्याची नोकरी गेली. ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. स्कोअर बघायला तीन सेकंद नजर खाली गेली, की पन्नास मीटर रस्ता न बघता कापला.

‘कामाचे फोन असतात, घ्यावेच लागतात.’

पोटापाण्याचा प्रश्न असलेल्यांची ही अडचण खरी आहे, आणि दोष त्यांच्या एकट्याचा नाही. डिलिव्हरीच्या पोराला चालत्या गाडीवर ‘कुठपर्यंत आलास?’ विचारणारे आपणच असतो. घरचेही तेच करतात. मुलगा पुण्याहून कोल्हापूरला निघाला की साताऱ्यापर्यंत तीन फोन. समोरचा गाडीवर आहे असं कळलं, तर ‘थांबलास की कर’ एवढं म्हणून फोन ठेवून द्या. लोकेशन शेअर केलेलं असेल तर विचारायची गरजही पडत नाही.

चालवणाऱ्यासाठी आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग’ फोकस आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही तशी सोय असते. गाडी सुरू झाली की नोटिफिकेशन आपोआप गप्प होतात आणि मेसेज करणाऱ्याला ‘गाडी चालवतोय’ असं उत्तर जाऊ शकतं. सेटिंगमध्ये एकदा चालू करायला दोन मिनिटं लागतात. अगदी नड असलेला फोन आला, तर इंडिकेटर देऊन पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यासमोर गाडी पूर्ण बाहेर घ्या आणि मग उचला. मात्र महामार्गाच्या कडेला अर्धी गाडी रस्त्यावर ठेवून बोलत उभे राहू नका, मागून येणाऱ्या ट्रकला ती रात्री दिसत नाही.