मधला ठिपका, दोन हात आणि बॅटरी: आमच्या क्यू-प्लेटवरील अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या द्रवस्फटिकाच्या क्यू-प्लेटला (लेझरच्या किरणाला मळसूत्रासारखा पीळ देणाऱ्या पट्टीला) आपण पाचपैकी दोन तारे देऊन तीन तक्रारी नोंदवल्या आहेत. हिरव्या लेझरच्या किरणात मध्यभागी अंधार पडण्याऐवजी उजळ ठिपका दिसतो, व्यतिकरणात (पीळ पडलेला आणि साधा किरण एकमेकांवर पाडल्यावर) एका हाताच्या सर्पिलाऐवजी दोन हातांचे सर्पिल मिळाले, आणि चौथ्या दिवशी प्लेटवर ढगाळ डाग उमटले. 'काचेचा महागडा तुकडा' असेही आपण लिहिले आहे. दुसऱ्या तक्रारीत चूक सर्वस्वी आमची असल्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

मागणीपत्रात आम्ही 'एक क्रमांकाची प्लेट' एवढेच छापले होते. आमच्या लेखी तो आकडा क्यूचा होता, म्हणजे प्लेटच्या केंद्राभोवती एक फेरी मारली असता द्रवस्फटिकाच्या रेणूंची दिशा किती वेळा फिरते त्याचा. परंतु ही प्लेट म्हणजे जागोजागी अक्ष फिरलेली अर्धतरंग पट्टी (प्रकाशाच्या दोन काटकोनी घटकांत अर्ध्या तरंगाचे अंतर पाडणारी) असते; अशा पट्टीचा अक्ष जितक्या कोनातून फिरवावा त्याच्या दुप्पट कला-बदल वर्तुळ-ध्रुवित (ज्याच्या कंपनाची दिशा गोल फिरत राहते अशा) प्रकाशाला मिळतो, त्यामुळे क्यू = १ असलेल्या प्लेटमधून बाहेर पडणाऱ्या किरणाचा पीळ दोनचा असतो (म्हणूनच सर्पिलाला दोन हात), आणि एकाचा पीळ हवा असेल तर क्यू = १/२ ची प्लेट घ्यावी लागते. २००६ साली नेपल्सच्या मार्रुची, मान्झो आणि पापारो यांनी ही पद्धत मांडली तेव्हा त्यांची प्लेटही क्यू = १ चीच होती, आणि या कामात असलेल्यांच्या तोंडी क्यूचाच आकडा बसलेला असतो. मात्र प्रयोगशाळेत विद्यार्थी रेणू मोजत नाहीत, किरणाचा पीळ मोजतात, हे आमच्या ध्यानात यायला हवे होते. मजकूर आता बदलला आहे. आपल्याला खात्री करून घ्यायची असल्यास प्लेट दोन काटकोनी पोलरॉइडांच्या मध्ये धरावी: चार काळे पट्टे दिसले तर क्यू एक, दोन दिसले तर अर्धा. अर्ध्याची प्लेट आम्ही आमच्या खर्चाने पाठवत आहोत.

मधल्या ठिपक्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो प्लेट बिघडल्याची खूण नाही. प्लेटमधून जाताना ज्या प्रकाशाचे रूपांतर होते त्याची वर्तुळ-ध्रुवणाची दिशा उलटते आणि त्याला पीळ पडतो, तर ज्याचे रूपांतर होत नाही तो जसाच्या तसा, मूळच्या दिशेने आणि मूळच्या आकाराने बाहेर येतो. पीळ पडलेल्या किरणाच्या अगदी मध्ये प्रकाशच नसल्यामुळे उरलेला थोडासा सरळ प्रकाशही तिथे ठळक उठून दिसतो. किती प्रकाशाचे रूपांतर होईल ते प्लेटला दिलेल्या व्होल्टेजवर ठरते. प्लेटसोबतच्या कागदावर छापलेले व्होल्टेज ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेझरसाठी, २५ अंश तापमानाला मोजलेले आहे, आणि आपण लेझर ५३२ चा वापरला. त्याच व्होल्टेजला हिरव्या प्रकाशासाठी कलांतर (त्या दोन काटकोनी घटकांमधले अंतर) अर्ध्या तरंगापेक्षा सुमारे एकपंचमांशाने जास्त होते, आणि ढोबळ हिशेबाने ९ टक्क्यांच्या आसपास प्रकाश पीळ न पडताच सुटतो. हिरव्यात द्वि-अपवर्तन (द्रवस्फटिकात त्या दोन घटकांच्या वेगांत पडणारा फरक) किंचित अधिक असल्याने प्रत्यक्षात थोडा जास्तच. खोली तापली की द्वि-अपवर्तन घटते आणि योग्य व्होल्टेज पुन्हा सरकते, त्यामुळे छापील आकड्यावर विसंबणे मुळातच फारसे बरे नाही.

त्याऐवजी असे करावे. प्लेटच्या आधी ध्रुवक आणि पाव-तरंग पट्टी लावून लेझर वर्तुळ-ध्रुवित करावा, प्लेटच्या पुढे दुसरी पाव-तरंग पट्टी आणि पोलरॉइड अशा बेताने ठेवावेत की मूळ दिशेचाच प्रकाश पार होईल, आणि मग तो किमान होईपर्यंत व्होल्टेज सावकाश बदलावे. नंतर पोलरॉइड ९० अंशांतून फिरवला की पीळ पडलेला प्रकाश तेवढा मिळतो. अंधाऱ्या मध्याभोवतीचे प्रकाशाचे वलय एका बाजूला जाड दिसत असेल तर लेझरचा मध्य प्लेटच्या मध्यावर बसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

राहिले डाग. आपण प्लेटला ९ व्होल्टची बॅटरी थेट जोडली, असे आपल्याच अभिप्रायात आहे. एकाच दिशेच्या विद्युतदाबाने द्रवस्फटिकातले आयन एका काचेकडे जाऊन साचतात आणि क्षेत्र असमान होते, म्हणून या प्लेटला दोन्हीकडे समान झुकणारी, साधारण एक किलोहर्ट्झची चौकोनी लहरच द्यावी लागते. ही सूचना आमच्या पत्रकात आहे, पण चौथ्या पानावर, बारीक अक्षरांत. ती पहिल्या पानावर ठळक असती तर बॅटरी बहुधा जोडली गेली नसती. तेव्हा या डागांची निम्मी जबाबदारी आम्ही घेतो. जुनी प्लेट परत पाठवल्यास आम्ही तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून काही दिवस व्होल्टेज न देता ठेवून पाहू. डाग फक्त साचलेल्या आयनांचे असतील तर बरेचदा विरतात, आतल्या दिशादर्शक थराला इजा झाली असेल तर विरणार नाहीत, आणि तसे झाल्यास दुसरी प्लेट निम्म्या किमतीत देऊ.

वर सांगितलेल्या पद्धतीने व्होल्टेज जुळवूनही नव्या प्लेटमध्ये ठिपका राहिला, तर दोष प्लेटचा समजावा आणि तसे कळवावे. पूर्ण रक्कम परत केली जाईल. नवी प्लेट पाठवताना ५३२ नॅनोमीटरला मोजलेला व्होल्टेजचा तक्ता सोबत देत आहोत.

आपला नम्र,
कार्यशाळेचा चालक