आत्या, जर्मन पहारेकरी आणि मी

परवा रविवारी मला माझ्याच खुर्चीवरून उठवण्यात आलं. उठवणारी व्यक्ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, महिन्यापूर्वीच तिच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला होता, आणि तिचं वाक्य होतं, "ऊठ. तुझा पेपर संपला."

मी त्या वेळी गेम खेळत नव्हतो, परीक्षण लिहीत होतो. हे घरात अजून कोणाला पटलेलं नाही.

झालं असं की शाळेतल्या आम्हा चार-पाच मित्रांचं ठरलं, प्रत्येकाने लहानपणच्या लाडक्या गेमवर काहीतरी लिहायचं. मी तत्काळ 'कमांडोज: बिहाइंड एनिमी लाइन्स' अडवून ठेवला आणि वर ठोकून दिलं, "मी त्यातल्या वीसच्या वीस मोहिमा पार केल्या होत्या, त्यामुळे जरा अधिकाराने लिहीन." या वाक्याकडे पुढे परत यावं लागणार आहे. माझी इच्छा नाही, पण यावं लागेल.

गेम १९९८ चा. माद्रिदच्या पायरो स्टुडिओजने केलेला, आयडॉसने बाजारात आणलेला. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. जर्मन तळ वरून तिरका दिसतो, आणि तो इतका बारकाईने रंगवलाय की पहिली पाच मिनिटं माणूस नुसता घरांची छपरं बघत बसतो. बाकीच्या गेममध्ये बंदूक घेऊन धावत सुटायचं असे. इथे धावलात की मेलात. रांगायचं, थांबायचं, पहारेकऱ्याची पाठ वळायची वाट बघायची आणि मग सुरी. मेलेल्याला खांद्यावर टाकून कोपऱ्यात नेऊन ठेवायचं, कारण प्रेत कोणाला दिसलं की बोंब, भोंगा, आणि बराकीतून सैनिकांची रांग.

आपल्याकडे माणसं सहा. ग्रीन बेरे, म्हणजे आमच्या भाषेत 'चाकूवाला', हा भिंती चढतो, पिंपं उचलतो, वेळ पडली तर स्वतःला वाळूत पुरून घेतो. मरीन पाण्याखाली पोहतो, रबरी होडी त्याच्याचकडे. स्नायपरकडे मोजक्या गोळ्या. सॅपर स्फोट घडवतो. हेर जर्मन गणवेश चढवून पहारेकऱ्यांशी गप्पा मारतो आणि त्यांना विषारी इंजेक्शन टोचतो. ड्रायव्हर गाडी चालवतो. आणि फक्त ड्रायव्हरच गाडी चालवतो! इथे माझी पंचवीस वर्षांची तक्रार आहे. जो माणूस भरलेलं पिंप उचलून चालतो, त्याला ट्रकची किल्ली फिरवता येत नाही? समोर ट्रक उभा, मागे भोंगा वाजतोय, आणि चाकूवाला 'ते माझ्याकडे येत नाही, पलीकडच्या टेबलावर विचारा' अशा चेहऱ्याने उभा. सहांतला एक जरी मेला तरी मोहीम फसली. उरलेल्या पाचांनी काय पुण्य केलं होतं ते कोणी विचारत नाही.

असो. मुद्द्याची गोष्ट म्हणजे हिरवा त्रिकोण. कुठल्याही पहारेकऱ्याची नजर तुम्हाला बघता येते. त्याच्या नाकापासून एक हिरवा त्रिकोण निघतो आणि झाडूसारखा इकडून तिकडे फिरत राहतो. जवळचा फिका हिरवा, त्यात पाऊल टाकलं की संपलं. लांबचा गडद हिरवा, त्यातून पोटावर सरपटत गेलं तर दिसत नाही. एका वेळी एकाचीच नजर बघता येते. त्यामुळे तुम्ही एकाची नजर चुकवत असता तेव्हा दुसरा तुम्हाला खुशाल बघत असतो. आयुष्यात पुढे जे जे माझं झालं त्याची एवढी चोख पूर्वतयारी शाळेने करून घेतली नव्हती.

तर गेम पुन्हा विकत घेतला, नव्या कॉम्प्युटरवर चढवला. कर्सर पडद्याच्या कडेला लागला रे लागला की नकाशा पिसाळल्यासारखा कोपऱ्यात पळायचा. पहिली मोहीम नॉर्वेतली, तीनच माणसं घेऊन शत्रूचं संदेश-प्रक्षेपण केंद्र उडवायचं. ही म्हणजे गेमची बालवाडी. चाळीस मिनिटांत मी अकरा वेळा मेलो.

बाराव्या वेळी मागून आवाज आला, "तो बघ, तो बघतोय तुझ्याकडे."

आत्याबद्दल सांगायला हवं. तिने चौतीस वर्षं भूगोल शिकवला, पण तिची ख्याती भूगोलासाठी नव्हती. ती परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी होती. घड्याळाच्या पट्ट्याखाली, कंपासपेटीच्या अस्तरात, पट्टीच्या मागे, बुटात, अशा सगळ्या ठिकाणच्या चिठ्ठ्या तिने धरल्या होत्या. एकदा एका मुलाला त्याने चिठ्ठी काढायच्या आधीच 'दे इकडे' म्हणाली आणि त्याने दिली. तिच्या वर्गात नंबर आला की मुलं नाइलाजाने अभ्यास करून यायची.

"हे हिरवं काय फिरतंय?" तिने विचारलं.

"त्याची नजर, आत्या. त्यात आलं की तो आपल्याला बघतो."

"एवढीच?" आत्याने त्या त्रिकोणाकडे अशा नजरेने पाहिलं की मला जर्मन सैन्याची लाज वाटली. "आणि तो पलीकडचा गडद भाग?"

"तिथे रांगत गेलं तर दिसत नाही."

"म्हणजे मागच्या बाकांवर वाकून बसलेली मुलं ह्याला दिसत नाहीत." तिने स्टूल ओढलं. "नवखा आहे."

मी म्हटलं, आत्या, तो नवखा नाही, तो सैनिक आहे. त्यावर ती काही बोलली नाही. तिने चष्मा पुसला. आमच्या घरात आत्याने चष्मा पुसला की उरलेला दिवस आपल्या हातात राहत नाही.

"आता बघ. डावीकडे गेला, थांबला, वळला, उजवीकडे गेला, थांबला, वळला. ह्याला किल्ली देऊन सोडलंय का?"

"ती त्याची गस्त आहे."

"फेरी एकसारखी मारायची नसते, बाळ. तिसऱ्या ओळीतून मध्येच मागे फिरायचं. मुलं आपला चेहरा नाही बघत, आपली फेरी मोजतात."

नेमकी तीच फेरी मोजून मी चाकूवाल्याला सरपटत नेलं आणि काम उरकलं. मला वाटलं आता ती हळहळेल, बिचाऱ्याला घरी कोणी असेल वगैरे म्हणेल. घरातल्या इतर बायकांनी तसं म्हटलंय, तो प्रश्न मी हाताळू शकतो.

"बरं केलंस," आत्या म्हणाली. "खरं तर नुसतं निलंबित करून भागलं असतं. त्याच्या जागी आता कोण येणार?"

"कोणी नाही."

"बदली पर्यवेक्षक नाही? आणि हा शेजारचा? जोडीदार गायब झालाय हे ह्याला कळत नाही?"

"प्रेत दिसलं तर कळतं. माणूस नुसता नसला तर कळत नाही."

आत्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे हजेरीच घेत नाहीत." आणि थोडं थांबून, "म्हणूनच हरले."

महायुद्धावर मी बरंच वाचलंय. स्टालिनग्राड वाचलंय, नॉर्मंडी वाचलंय. हे कारण कोणी दिलेलं नाही, आणि खोडूनही काढता येत नाही.

पुढे मी माझं आवडतं हत्यार काढलं. चाकूवाल्याकडे एक छोटं यंत्र असतं, ते जमिनीवर ठेवायचं, लांब जाऊन लपायचं आणि चालू करायचं. ते आवाज करतं, पहारेकरी आपली जागा सोडून बघायला येतो. मी ते थोड्या अभिमानानेच करून दाखवलं. पहारेकरी आला.

"आला?" आत्या जवळजवळ ओरडली. "बाहेर काहीतरी वाजलं म्हणून वर्ग सोडून आला? अरे, आमच्या परीक्षेत एकदा मैदानात बैल शिरला होता. मी खिडकीकडे पाठ केली. सगळी मुलं बैल बघत होती आणि मी मुलं बघत होते. तीन चिठ्ठ्या निघाल्या!"

तेवढ्यात मी मेलो आणि सवयीने मागची सेव्ह उघडली. चाकूवाला पुन्हा झुडपामागे, धडधाकट.

"हे काय केलंस?"

"लोड केलं. चुकलं की मागे जाता येतं."

"किती वेळा?"

"कितीही."

"चुकलेला पेपर फाडायचा आणि नवा मागायचा. कितीही वेळा." तिने मान हलवली. "आणि ह्याला तू अवघड गेम म्हणतोस."

इथे मी चिडलो. खरंच चिडलो. माणसाने एका गोष्टीवर पंचवीस वर्षं प्रेम करावं आणि कोणीतरी स्टुलावर बसून वीस मिनिटांत तिचा पाया उखडावा, हे बरोबर नाही. मी म्हणालो, "आत्या, हा गेम मी पूर्ण केलाय. सगळ्या वीस मोहिमा. मला शिकवू नकोस."

आणि बोलताना माझा हात नको तिथे गेला. माउसपॅडची कड मी तळहाताने दाबली. चिठ्ठ्या लपवणारे दाबतात तशी.

"दे इकडे," आत्या म्हणाली.

मी दिली. बेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या माउसपॅडखालची चिठ्ठी मी मुकाट्याने काढून दिली. ती होती वहीच्या मागच्या पानाची घडी, परवाच जुन्या सीडीच्या खोक्यात सापडलेली. या गेममध्ये मोहीम पार केली की पुढच्या मोहिमेचा सांकेतिक शब्द मिळतो. तो टाकला की थेट तिथून सुरू. चिठ्ठीवर ते सगळे शब्द ओळीने होते. अक्षर माझं नव्हतं. वर्गातला एक मुलगा खरंच खेळायचा, त्याचं होतं.

तर ते अधिकाराचं वाक्य. मी चार मोहिमा स्वतः खेळलो आहे. पाचवीपासून पुढे मी प्रत्येक मोहिमेत चिठ्ठीने शिरलो, छपरं पाहिली, कोणाच्या तरी फिक्या हिरव्यात पाऊल ठेवून मेलो आणि पुढचा शब्द टाकला. शेवटचाही नकाशा पाहिलाय. पाहणं म्हणजे पार करणंच असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, कोणाला त्रास नव्हता.

आत्याने चिठ्ठी वाचली, घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि वर दिलेलं वाक्य उच्चारलं.

मला वाटलं ती खुर्चीत बसून गेम खेळेल. ती खेळली नाही. चाकूवाल्याला तिने झुडपामागून हलवलंही नाही. तिने फक्त एकेका पहारेकऱ्याची नजर उघडून बघितली, आणि माझ्या परीक्षणाच्या वहीत, माझ्या दोन ओळींच्या खाली, शेरे लिहिले. वही समोरच आहे. 'क्र. १: लक्ष नाही. क्र. २: फेरी ठराविक. क्र. ३: क्र. २ शी बोलतो?' मी स्टुलावर बसून होतो. बोलण्याची मला परवानगी नव्हती असं नाही, पण होती असंही वाटलं नाही.

मध्येच ती सहज म्हणाली, "अकरावीत असताना तू रात्री हाच खेळायचास ना? आवाज बंद करून?"

"तुला कसं माहीत?"

"दाराखालून निळी रेघ दिसायची. मीच दादाला सांगितलं."

त्या वर्षी सहामाहीच्या आधी बाबांनी कॉम्प्युटरची वायर काढून कपाटात ठेवली होती, चार महिने. मी संशय घेतला होता धाकट्या बहिणीवर. तिच्याशी दीड महिना बोललो नव्हतो, तिच्या सायकलची हवा काढली होती, आणखीही एक-दोन गोष्टी केल्या होत्या ज्या तिला अजून माहीत नाहीत. पाचवी मोहीम त्या वायरीमुळे राहिली. चिठ्ठी त्या वायरीमुळे आली. म्हणजे जिने मला कॉपी करायला लावली तिनेच पंचवीस वर्षांनी कॉपी पकडली, आणि हे सांगताना तिने पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही. माफी तर सोडाच. मी विचारलं, "बाकीचं काय काय सांगितलं होतंस?" तर म्हणाली, "मध्ये बोलू नकोस, हा वळतोय."

हा म्हणजे क्रमांक पाच. केंद्राच्या वाटेवर उभा असतो. फिरत नाही. पाठ भिंतीला, तोंड वाटेकडे. मी यंत्र वाजवून पाहिलं होतं, त्याच्यापर्यंत आवाज पोहोचत नाही. अकरांतले सात मृत्यू माझे त्याच्याच हातून झालेत. आत्याने त्याच्याकडे पूर्ण तीन मिनिटं पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'क्र. ५: उत्तम.' खाली दोन रेघा ओढल्या.

"ह्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"आत्या, त्याला काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

"मग नको जाऊस."

मित्रांचे दोनदा निरोप आलेत, परीक्षण कुठे आहे म्हणून. वहीत सध्या माझ्या दोन ओळी आणि जर्मन सैन्याचे गोपनीय अहवाल आहेत. शेवटी काल रात्री सगळे झोपल्यावर मी उठलो. दाराच्या फटीला टॉवेल लावला, आवाज बंद केला, क्रमांक एक ते चार चटचट उरकले, गडद हिरव्यातून चाकूवाल्याला इंच इंच सरपटत नेलं. पाचाच्या टाचेपाशी पोहोचलो. सुरी बाहेर काढली.

मागे दार कधी उघडलं ते मला कळलं नाही. आवाज आला तो थेट कानाशी.

"पाचवा आहे ना तो?"