रात्रपाळीच्या फोरमनचा प्रश्न

म्युनिकला येऊन मला अकरा वर्षे झाली, तरी पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या वर्गमित्रांशी चालणाऱ्या चर्चा सुटलेल्या नाहीत. तंत्रज्ञानातल्या स्टार्टअपने मार्केटिंगवर वेळ आणि पैसा घालवावा का, हा सध्याचा वाद. एक मित्र बायजूजचा दाखला देतो: २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर जिचे नाव झळकत होते, त्याच कंपनीविरुद्ध प्रायोजकत्वाची रक्कम थकल्याने क्रिकेट मंडळाच्या अर्जावरून २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. दुसरा झेरोधाचे नाव घेतो, कारण २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेली ही कंपनी जाहिरातींवर जवळपास काहीच खर्च न करता देशातल्या शेअर बाजाराच्या आघाडीच्या दलाली पेढ्यांत जाऊन बसली. माल चोख असला की गिऱ्हाईक आपण होऊन येते, असा निष्कर्ष दोघेही काढतात.

तो मला मान्य नाही, कारण त्यात जाहिरात आणि मार्केटिंग एकच धरले आहे. झेरोधाने टक्केवारीच्या हिशेबाऐवजी एका ऑर्डरला २० रुपये असा कोणालाही तोंडपाठ होईल असा दर सांगितला आणि शेअर बाजाराचे धडे ‘व्हर्सिटी’ या नावाने सोप्या भाषेत फुकट उपलब्ध करून दिले. बाजाराला बिचकणाऱ्या माणसाची भीती ओळखून तिला दिलेले हे उत्तर होते, आणि माझ्या मते हेच अस्सल मार्केटिंग आहे.

मला स्वतःला हे उमगले ते हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात. आमची छोटी कंपनी मोटर आणि पंपांच्या कंपनांवरून बिघाडाचा आगाऊ अंदाज देणारे सॉफ्टवेअर बनवते. स्टॉलवर मी आलेख दाखवत, अंदाज किती अचूक येतो ते समजावत होतो. तेलाचे डाग पडलेले जाकीट घातलेला एक फोरमन हाताची घडी घालून शांतपणे ऐकत होता. माझे संपल्यावर त्याने एवढेच विचारले, “रात्री दोन वाजता मोटर तापली, तर निरोप कोणाला जाणार? मला, की घरी झोपलेल्या साहेबांना?” आमचा इशारा व्यवस्थापकाला ईमेलने जात असे. तो सकाळी वाचला जाणार, तोवर मोटर जळालेली असणार! माझ्याकडे उत्तर नव्हते. परत आल्यावर आम्ही रात्रपाळीच्या फोनवर थेट इशारा पाठवण्याची सोय केली, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत अचूकतेच्या टक्क्यांऐवजी तीच सोय छापली. तेव्हापासून समोरचा माणूस ती ओळ वाचून पुढचा प्रश्न विचारू लागला. आलेख पाहून तसे कोणी कधी विचारले नव्हते.

आपले काम स्वतः वाखाणणे अभियंत्याला शोभत नाही, ही भावना जर्मनीतही खोल रुजलेली आहे. फरक इतकाच की इथल्या लहान कंपन्यांचे अभियंतेही वर्षातून एकदा तरी प्रदर्शनात गिऱ्हाइकासमोर उभे राहतात. आपल्याकडे याची परंपरा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी ते घ्यायला तयार नव्हते. नांगरात खोट नव्हती, अडचण मनातल्या शंकेची होती, आणि ती शेतकऱ्यापर्यंत पोहोचूनच दूर करावी लागली. पुढे १९२० मध्ये याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ ही पत्रिका निघू लागली आणि मालाची माहिती घेऊन घरोघरी पोहोचली.

पुण्यातल्या तरुण संस्थापकांबद्दल माझी तक्रार आहे ती इथे. चाकण आणि भोसरी हाकेच्या अंतरावर असताना, एकाही कारखान्यात दिवसभर न बसता अमेरिकेतल्या गुंतवणूकदारासाठी सादरीकरणे रंगवली जातात. शंभर कारखाने चालत जाण्याइतके जवळ असणे किती मोलाचे, हे एकेका भेटीसाठी चार-चार तास रेल्वेने जाणाऱ्या माझ्यासारख्याला विचारा. सुरुवातीला मार्केटिंगसाठी वेगळा विभाग नको, मोठी रक्कमही नको. पण आठवड्यातला एक दिवस संस्थापकाने स्वतः द्यायला हवा, आणि पहिल्या महिन्यापासून द्यायला हवा. उत्पादन पूर्ण झाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्यांच्या हाती बहुधा कोणी न मागितलेले उत्पादन पडते.

आमच्या वर्गमित्रांपैकी एक जण लहान वर्कशॉपसाठी साठ्याचा हिशेब ठेवणारे अ‍ॅप बनवतो आहे. इतका वाद घातल्यावर परवा त्याने कळवले की पुढच्या आठवड्यात तो भोसरीतल्या तीन वर्कशॉपमध्ये जाऊन बसणार आहे. पहिल्या दिवशी लॅपटॉप पिशवीतच ठेव आणि स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाची वही बघ, असे मी त्याला सांगितले आहे.